सिनेमाचा पैसा दिवाणखान्यात कसा उभा राहतो

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात जोएल कोएन नावाचा एक तरुण सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर उचलून लोकांच्या घरी जायचा. बरोबर फिल्मचं छोटंसं रीळ, जेमतेम दोन-तीन मिनिटांचं. त्यात रस्त्यात उभी असलेली गाडी दिसायची आणि हातातलं फावडं फरफटवत दुसऱ्या माणसाच्या दिशेने चालत जाणारा एक माणूस. मग एक भिंत. तिला गोळ्यांची भोकं पडलेली आणि त्या भोकांतून पलीकडचा उजेड आत येणारा. एवढंच. ज्या सिनेमाचा हा ट्रेलर होता तो सिनेमा तेव्हा तयारच झालेला नव्हता. ट्रेलर आधी, सिनेमा नंतर असा उलटा कारभार.

या फेऱ्यांना वर्षभर लागलं. साठहून जास्त लोकांनी मिळून साडेसात लाख डॉलर दिले. त्यातले बरेचसे छोटे उद्योजक किंवा स्वतःचा व्यवसाय असलेले लोक. सिनेमाशी त्यांचा संबंध तिकीट काढून बघण्यापुरता. त्या पैशावर जोएल आणि त्याचा धाकटा भाऊ ईथन यांनी टेक्सासमध्ये ‘ब्लड सिंपल’ शूट केला. आज सनडान्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महोत्सवात १९८५ साली त्याला ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. कोएन बंधूंचं पुढचं सगळं या घरगुती शोंवर उभं राहिलं.

ही युक्ती का चालली, हे जोएलने नंतर अगदी सरळ सांगितलं आहे. फोन करून “सिनेमात पैसे गुंतवता का, दहा मिनिटं बोलायचंय” म्हटलं की लोक फोन ठेवून द्यायचे. “घरी येऊन फिल्मचा एक तुकडा दाखवू का” म्हटलं की तेच लोक कुतूहलाने दार उघडायचे. पैशाचा विषय नंतर निघायचा, पण तोवर तुम्ही सोफ्यावर बसलेले असायचात.

युक्ती त्यांची स्वतःची नव्हती, सॅम रेमीकडून घेतलेली होती. मिशिगनमधल्या या पोराने १९७८ साली ‘विदिन द वूड्स’ नावाचा छोटा भयपट सुपर एट या हौशी लोकांच्या स्वस्त फिल्मवर जेमतेम सोळाशे डॉलरमध्ये केला आणि तो दाखवत पैसेवाल्या माणसांकडे फिरला. त्यातून सुरुवातीचे नव्वद हजार डॉलर जमले आणि ‘द ईव्हिल डेड’ उभा राहिला. त्याच सिनेमाच्या संकलनात जोएल सहायक होता. प्रोजेक्टर घेऊन फिरायचं कसं आणि कागदपत्रं कशी करायची, हे दोन्ही त्याने तिथूनच उचललं. यातला कागदपत्रांचा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरा धडा तोच आहे.

आपल्याकडे ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आलेल्या दादासाहेब फाळक्यांना कथापटासाठी भांडवल हवं होतं. हलणारी चित्रं इथे काढता येतात यावरच कुणाचा विश्वास नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक फ्रेम घेतली. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल होतो, असा मिनिटभराचा चित्रपट तयार झाला. ‘अंकुराची वाढ’. तो त्यांनी मोजक्या लोकांना दाखवला आणि त्यातल्या यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केलं. वर्षभरात, ३ मे १९१३ रोजी, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतीय कथापटाचं पहिलं भांडवल असं निवडक मंडळींसमोरच्या छोट्या शोमधून आलेलं आहे. त्यात फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही गेले, हे विसरू नये.

घर नेमकं काय काम करतं

थिएटर भाड्याने घेऊन शंभर लोकांना बोलावणं आणि कुणाच्या तरी हॉलमध्ये वीस लोकांना बसवणं यात फरक खुर्च्यांच्या संख्येचा वाटतो. खरा फरक पतीचा आहे, म्हणजे बाजारात जिला पत म्हणतात तिचा.

सोसायटीत एखादीच्या घरी साड्यांचा सेल लागतो. बायका जातात त्या विणकराला ओळखतात म्हणून जात नाहीत. जिच्या घरी सेल आहे तिला ओळखतात म्हणून जातात, आणि साडीचा रंग गेला तर जाब तिलाच विचारतात. घरगुती शोमध्ये दिग्दर्शक हा तो विणकर असतो. आलेल्या वीस जणांना तो अनोळखी. त्यांच्यासाठी हमी यजमानाची. “साने काकांनी बोलावलंय म्हणजे काहीतरी असेल.” दिग्दर्शक त्या संध्याकाळपुरती साने काकांची पत उसनी घेतो. सिनेमा बुडाला की दिग्दर्शक पुढच्या सिनेमाकडे जातो. साने काका त्याच लिफ्टमधून रोज वर-खाली करत राहतात.

एवढी एक गोष्ट नीट लक्षात ठेवली तर बाकीचे सगळे नियम आपोआप सुचतात. निमंत्रणात काय लिहायचं, पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे, परतीची भाषा करायची की नाही, हिशेब कुणाला आधी द्यायचा, सगळं.

कोएन बंधूही अनोळखी शहरात गेले नव्हते. मिनिआपोलिसच्या उपनगरातच ते वाढले होते, वडील तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक होते. सुरुवातीला पैसे देणाऱ्यांपैकी एकाने पुढे ओळखी करून दिल्या आणि चित्रपटाचा कार्यकारी निर्माता म्हणून त्याचं नाव लागलं. पहिला यजमान मिळणं हेच अवघड असतं. तो मिळाला की पुढची दारं तो उघडतो.

हा पैसा नेमका कसला?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. दिवे लागतात, टाळ्या होतात, कुणीतरी विचारतं, “मग आम्ही काय करायचं?” आणि दिग्दर्शक भारावून म्हणतो, “जमेल तसा हातभार लावा, सिनेमा चालला की तुम्हालाही काहीतरी देऊच.” या एका वाक्यात त्याने देणगी, गुंतवणूक आणि कर्ज यांची खिचडी केलेली असते. ऐकणाऱ्या वीस जणांनी आपापल्या सोयीचा अर्थ घेतलेला असतो. दोन वर्षांनी तो बाहेर येतो.

देणगी म्हणजे गेलेला पैसा. परत काही नाही, श्रेयनामावलीत नाव आणि एक निमंत्रण. केरळमध्ये जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा या गटाने ‘अम्मा अरियान’ (१९८६) असाच केला. गावोगाव जायचं, चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ वगैरे सिनेमे दाखवायचे आणि लोकांसमोर झोळी पसरायची. दाखवला जाणारा सिनेमा दुसऱ्याचा, आणि पैसा मागायचा तो न बनलेल्या सिनेमासाठी. कुणाला नफ्याची अपेक्षा नव्हती, त्यामुळे नंतर कुणी नफा मागायलाही आलं नाही. मराठीत ‘श्वास’च्या ऑस्कर मोहिमेसाठी लोकांनी पैसे दिले, तेही याच जातीचे. सिनेमा आधीच तयार होता. लोकांनी दिले ते आपला सिनेमा तिकडे पोहोचावा म्हणून.

‘मंथन’ (१९७६) हे उदाहरण सगळे देतात. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख झाले, श्याम बेनेगलांनी सिनेमा केला, आणि नंतर हेच शेतकरी ट्रक भरभरून तो बघायला आले. उदाहरण सुंदर आहे, पण नवख्या दिग्दर्शकाला त्याचा उपयोग थोडा. पाच लाख लोकांपर्यंत पोहोचणारी सहकारी यंत्रणा आधीच उभी होती. तुमच्याकडे एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे.

दुसरा प्रकार आगाऊ विक्रीचा. आज पैसे द्या, सिनेमा झाला की तिकीट, लिंक, सही केलेलं पोस्टर, शूटिंगचा एक दिवस असं काहीतरी मिळेल. ही खरेदी आहे. जे कबूल केलं ते द्यावं लागतं, आणि रक्कम मोठी झाली की जीएसटीचा प्रश्नही येतो.

तिसरा प्रकार भागीदारीचा. नफा झाला तर वाटा, तोटा झाला तर बुडीत. कोएन बंधूंनी हा मार्ग धरला होता. पैसे देणारे मर्यादित भागीदार. त्यांची जोखीम त्यांनी घातलेल्या पैशापुरती, आणि सिनेमा कसा करायचा यात त्यांनी बोलायचं नाही. कन्नडमध्ये पवन कुमार यांच्या ‘लुसिया’साठी (२०१३) शंभराहून जास्त लोकांनी मिळून पन्नास लाखांच्या आसपास रक्कम उभी केली, ती मात्र दिवाणखान्यांतून नाही, इंटरनेटवरून.

आणि चौथा प्रकार कर्जाचा. फाळक्यांना मिळालं ते कर्ज होतं. सिनेमा चालो न चालो, फेडायचं. स्वतंत्र सिनेमासाठी ओळखीच्यांकडून कर्ज घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा सिनेमांतले बहुतेक पैसे परत आणत नाहीत, आणि कर्ज देणारा हे ऐकून घेत नाही.

माझा कल विचाराल तर घरगुती शोमध्ये देणगी किंवा आगाऊ विक्री एवढंच ठेवावं, रक्कम लहान ठेवावी. भागीदारीचा विषय त्या संध्याकाळी काढूच नये. ज्याला खरंच रस आहे त्याला आठवड्याने वेगळं भेटावं, कागद समोर ठेवून. टाळ्यांच्या भरात सही घेणं योग्य नाही.

आकडे काय सांगतात

समजा, घरात वीस लोक आले. त्यातल्या आठ जणांनी सरासरी पाच हजार दिले. चाळीस हजार झाले. दहा लाख उभे करायचे तर अशा पंचवीस संध्याकाळी लागतील, आणि पंचवीस यजमान. दर शनिवारी एक शो धरला तरी सहा महिने. हे गणित कागदावर मांडल्यावर बरेच जण गप्प होतात, ते बरंच आहे.

म्हणून घरगुती शोमधून अख्खा सिनेमा उभा करायचा अट्टहास करू नये. त्याची खरी जागा शेवटच्या टप्प्यात आहे. शूटिंग झालंय, एडिट बसलाय, पण साउंड मिक्स, रंगदुरुस्ती म्हणजे डीआय, सबटायटल आणि डीसीपी म्हणजे थिएटरात दाखवायची अंतिम डिजिटल प्रत अडकली आहे, अशा वेळी दाखवायला तुमच्या हातात काहीतरी खरं असतं आणि मागायची रक्कमही आटोक्यात असते. “साउंडसाठी सहा लाख हवेत” हे लोकांना कळतं. “सिनेमासाठी पैसे हवेत” हे कळत नाही. सरकारी अनुदानाचा आधार इथे उपयोगी पडत नाही, कारण मराठी चित्रपटाचं अनुदान सिनेमा पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, परीक्षण झाल्यावर मिळतं. अडचण नेमकी त्याच्या आधीची असते.

आता वाटा देणार असाल तर वाटा कशातला, हे आधी समजून घ्या आणि समोरच्यालाही समजावून सांगा. प्रेक्षक तिकिटाला २३६ रुपये मोजतो. त्यातले ३६ जीएसटी, कारण शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के लागतात. उरले २००. पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे थिएटरचे, पुढच्या आठवड्यांत निर्मात्याकडचा हिस्सा आणखी घटतो. उरले १००. वितरकाचं कमिशन समजा पंधरा टक्के, उरले ८५. सिनेमा चाळीस लाखांत झाला आणि जाहिरातीवर पंधरा लाख गेले, तर नुसती मुद्दल निघायला जवळपास पासष्ट हजार तिकिटं विकली जायला हवीत. तीही पहिल्याच आठवड्यात आणि २३६च्या दराने. “नफ्यातले दहा टक्के तुमचे” हे वाक्य म्हणताना या पासष्ट हजार लोकांची आठवण ठेवावी. ओटीटी घेईल, सॅटेलाइट म्हणजे टीव्हीचे हक्क विकले जातील, ही आशा हिशेबात धरू नका. करार झाला की तेव्हा मिळवा.

कायद्याच्या बाजूने

या भागात लोक पेंगतात, पण अडकायला होतं ते इथेच.

पहिली गोष्ट, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर कोड भिंतीवर चिकटवू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची बेरीज पन्नास हजारांवर गेली की सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि त्यावर कर लागतो. फक्त पन्नासच्या वरची नाही, सगळी. शिवाय सिनेमाचा पैसा आणि घरातलं वीजबिल एकाच खात्यात आलं की हिशेब कायमचा गढूळ होतो. चित्रपटासाठी वेगळी संस्था आणि तिचं चालू खातं हवं. ती एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी असेल, खासगी कंपनी असेल किंवा साधी भागीदारी.

साध्या भागीदारीत पन्नासपर्यंत भागीदार चालतात, पण प्रत्येकाची जबाबदारी अमर्याद असते. म्हणजे सिनेमावर कर्ज झालं तर पाच हजार देऊन भागीदार झालेल्या काकूंच्या दारातही वसुलीवाला येऊ शकतो. हे त्यांना सांगायचं धैर्य नसेल तर तो मार्ग घेऊ नये. एलएलपीमध्ये भागीदारांच्या संख्येला कमाल मर्यादा नाही आणि जबाबदारीही मर्यादित राहते, पण प्रत्येक नवा भागीदार घेताना करारात आणि नोंदीत बदल करावा लागतो. आठ-दहा मोठ्या गुंतवणूकदारांसाठी हे बरं पडतं. ऐंशी छोट्यांसाठी नाही.

खासगी कंपनी काढून शेअर द्यायचे असतील तर २०१३चा कंपनी कायदा सांगतो की असा प्रस्ताव आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा जास्त लोकांपुढे ठेवता येत नाही, तो नावानिशी द्यावा लागतो, पैसे बँकेतूनच यावे लागतात आणि त्याची जाहिरात करता येत नाही. हा शेवटचा मुद्दा घरगुती शोसाठी फार महत्त्वाचा आहे. घरात बोलावलेले वीस ओळखीचे लोक ही एक गोष्ट. “आमच्या सिनेमात गुंतवणुकीची सुवर्णसंधी, सर्वांना कळवा” असा फॉरवर्ड ही वेगळीच गोष्ट. परताव्याच्या आमिषावर जनतेकडून ऑनलाइन भांडवल गोळा करायला आपल्याकडे मोकळीक नाही. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने २०१४ साली या विषयावर चर्चापत्र काढलं आणि २०१६ साली नोंदणी नसलेल्या अशा ऑनलाइन मंचांपासून लोकांना सावध केलं. ‘लुसिया’सारखी जाहीर हाक आज द्यायची असेल तर आधी वकिलाकडे जावं.

आणि परताव्याची हमी? “वर्षात दीडपट करून देतो” असं म्हणून अनेकांकडून पैसे घेणं हे ठेवी गोळा करणं ठरू शकतं. त्याला २०१९चा केंद्राचा कायदा आहे, महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हिताचा १९९९चा कायदा आहे, आणि दोन्हींत तुरुंगाची तरतूद आहे. लोकांच्या ठेवी बुडवणाऱ्यांसाठी केलेल्या कायद्यात हौशी दिग्दर्शक सापडावा यासारखं दुर्दैव नाही. म्हणून हमी हा शब्द उच्चारूच नये.

परदेशातल्या मराठी लोकांकडे असे शो करण्याची कल्पना आता बऱ्याच जणांच्या डोक्यात येते. न्यू जर्सीतल्या कुणाच्या तळघरात मोठा टीव्ही असतो, मंडळाची माणसं जमलेली असतात, आणि डॉलरमध्ये कमावणाऱ्याला आपले पाच हजार रुपये किरकोळ असतात. तिथे एक प्रश्न आधी विचारावा: देणाऱ्याचा पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिकाने परदेशात कमावलेल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणग्यांवर बंधनं घालणाऱ्या कायद्यात परदेशी देणगी मानली जात नाही. त्याच सोफ्यावर शेजारी बसलेले त्याचे मोठे बंधू अमेरिकन नागरिक झाले असतील तर ते परदेशी स्रोत ठरतात, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असो वा नसो. तिथे सीएला विचारल्याशिवाय पैसे घेऊ नयेत.

सेन्सॉरचं विचाराल तर घरात बोलावलेल्या मोजक्या पाहुण्यांना दाखवणं आणि सार्वजनिक प्रदर्शन यात फरक केला जातो. सोसायटीचा हॉल घेतला, तिकीट लावलं, कुणीही या म्हटलं, की प्रमाणपत्राचा प्रश्न आला. आणि महोत्सवाकडे डोळा असेल तर पूर्ण सिनेमाची लिंक कुणालाही पाठवू नका. बऱ्याच मोठ्या महोत्सवांना पहिला शो आपल्याकडेच हवा असतो. अपुऱ्या कटमधली बारा मिनिटं घरात दाखवल्याने सहसा बिघडत नाही, लिंक फिरली तर बिघडतं.

ती संध्याकाळ

निमंत्रण यजमानाच्या नावाने जावं, आणि त्यात पैशाचा उल्लेख असावा. या दुसऱ्या गोष्टीला सगळे बिचकतात. “आधीच सांगितलं तर कोण येईल?” म्हणतात. येतात. जे येत नाहीत ते तसेही देणार नव्हते. न सांगता बोलावून चहा पाजून मग पैसे मागणं हा सापळा आहे, आणि पाहुण्याला तो लगेच कळतो. साधं असावं, साधारण असं:

“शनिवारी संध्याकाळी सहाला आमच्याकडे या. माझ्या मावसबहिणीच्या मुलाने सिनेमा केलाय, त्यातली बारा मिनिटं दाखवणार आहे. पूर्ण करायला त्याला पैसे कमी पडतायत, ते तो त्या दिवशी मागेल. द्यायलाच हवेत असं अजिबात नाही. फराळ आहे. पार्किंग नाही, रिक्षाने या.”

बाराच मिनिटं का? पूर्ण सिनेमा दाखवला तर लोकांचं समाधान होतं आणि प्रश्न संपतात. शिवाय कच्च्या कटमध्ये आवाज खरखरता असतो, पार्श्वसंगीत तात्पुरतं असतं, आणि घरातला प्रेक्षक ते दोन तास सहन करत नाही. सलग एक प्रसंग दाखवा, तोही मधला. चमकदार तुकड्यांची माळ करू नका. तशी कुणीही करू शकतं आणि लोकांनाही ते माहीत असतं. वाटाण्याचा वेल हळूहळू वर चढताना दिसला म्हणून फाळक्यांना पैसे मिळाले.

तासभर आधी पोहोचून टीव्हीची सेटिंग बघा. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारा एक पर्याय असतो, कंपनीगणिक नाव वेगळं. तो बंद केला नाही तर तुमच्या कॅमेरामनने महिनाभर खपून टिपलेला कोकणातला पाऊस दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर संवाद कळत नाहीत, बाहेरचा स्पीकर न्या. फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, घरच्या वायफायवर विसंबू नका. पश्चिमेची खिडकी असेल तर सहा वाजता पडद्यावर काही दिसणार नाही, चादर लावा. आणि यजमानीणबाईंना विनंती करा की कुकर आधी तरी लावा किंवा नंतर तरी. शांत प्रसंगात तिसरी शिट्टी झाली की सगळा डाव जातो.

दाखवून झाल्यावर पहिल्यांदा यजमानाने बोलावं, आणि त्याने स्वतः किती दिले तेही सांगावं. त्याने काहीच दिलं नसेल तर हा शो करण्यात अर्थ नाही. मग दिग्दर्शकाने दोन मिनिटांत सांगावं: किती हवेत, कशासाठी हवेत, आत्तापर्यंत किती जमले. प्रश्न येतील. निवृत्त बँक अधिकारी एक तरी असतोच.

“अरे, पण माझे पैसे बुडाले तर?”

“काका, ही देणगी आहे, परत येणारच नाहीत. सिनेमा मात्र पूर्ण होईल.”

यावर थोडा हशा होतो आणि वातावरण सैल होतं. हेच उत्तर गोलगोल दिलं असतं तर काकांनी खिशातून हात बाहेर काढला नसता.

तिथल्या तिथे पैसे गोळा करायचे का? लोक उत्साहात असतात तेव्हाच घ्यावेत, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. वीस जणांच्या समोर नकार देणं आपल्याकडे कठीण असतं. पाच हजार देऊन माणूस घरी जातो आणि जिना उतरताना यजमानाला नावं ठेवतो. त्यापेक्षा प्रत्येकाच्या हातात पाकीट द्यावं. आत एका पानावर सिनेमाची माहिती, खर्चाचा ढोबळ तपशील, ही देणगी आहे की आगाऊ खरेदी याचं एक ठळक वाक्य, संस्थेचं खातं आणि क्यूआर कोड. रोख घेऊ नये. “बघू, कळवतो” म्हणणाऱ्यांपैकी काही खरंच कळवतात. मागे लागायचं झालं तर एकदाच, आणि तेही दिग्दर्शकाने. यजमानाला वसुलीला लावू नये.

नंतरचा पत्रव्यवहार

पैसे आले की दोन दिवसांत पावती जायला हवी, संस्थेच्या नावाची, क्रमांक असलेली. ऐंशी-जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, मिळेल असं भासवू नका. ती नोंदणीकृत ट्रस्टसारख्या संस्थेलाच लागू होते, तुमच्या एलएलपीला नाही. श्रेयनामावलीत जायचं नाव कसं लिहायचं ते आत्ताच विचारून घ्या. “कै. बाबांच्या स्मरणार्थ” लिहायचं असेल तर तेही. दोन वर्षांनी डीसीपी झाल्यावर एखादं आडनाव चुकल्याचं कळलं, तर दुरुस्तीचा खर्च त्या देणगीपेक्षा जास्त येतो.

त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी एक पत्र. किती जमले, किती कुठे खर्च झाले, काम कुठवर आलं. काही घडलं नसेल तर “काही घडलं नाही” एवढंच. साउंड स्टुडिओने तारीख पुढे ढकलली, महोत्सवाने नकार दिला, ओटीटीवाल्यांनी फोन उचलणं बंद केलं, सगळं त्यात यावं. गुंतवणूकदार असतील तर त्यांना याखेरीज वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब. आणि बातमी वाईट असेल तर ते पत्र यजमानाला इतरांच्या एक दिवस आधी पाठवावं, म्हणजे सकाळी दूध घ्यायला खाली उतरल्यावर कुणी विचारलं, तर त्याच्याकडे उत्तर असेल.